तेंतरेम आश्रमाची वरात

बु लारास, म्हणजे लारासबाई, यांनी घंटा वाजवली तेव्हा मिन्चे आजी, आश्रमाच्या भाषेत ओमा मिन्चे, गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात होत्या, आणि कडवं अर्धं टाकून आगीतून बाहेर पडायचा त्यांचा कसलाही विचार नव्हता.

"ओमा, इमारतीला आग लागलीय," बु लारास म्हणाल्या.

"खोटीच ना?"

"हो, सरावापुरती."

"मग ती थांबेल थोडी. दोनच ओळी राहिल्यात."

तेंतरेम वृद्धाश्रमातली, संकटात इमारतीबाहेर पडण्याची ही तिसरी तालीम. पहिल्या तालमीत यूसाक आजोबा, म्हणजे ओपा यूसाक, घंटा ऐकताच सगळ्यांच्या आधी बाहेर आले, आणि रेडिओ आणायला परत आत गेले. रेडिओ घेऊन आले तर त्याचं कव्हर आत राहिलं होतं. दुसऱ्या तालमीत सगळे मुकाट्याने बाहेर आले, ओळीत उभे राहिले, आणि स्वयंपाकीण बु पाइनेम यांनी खिडकीतून "गरम तेंपे तळून झालंय" असं सांगताच तितक्याच मुकाट्याने आत गेले. सोयाबीनच्या त्या वड्यांसाठी तेंतरेमची माणसं खऱ्या आगीतही शिरली असती.

तेंतरेम म्हणजे शांत. ज्या कोणी आश्रमाला हे नाव दिलं, तो तिथे राहिलेला नसावा. सालातिगा गावाच्या वरच्या अंगाला, चर्चच्या गल्लीत, मेरबाबू या ज्वालामुखी डोंगराकडे तोंड करून ही दुमजली इमारत उभी होती आणि तिच्यात सकाळपासून कोणी ना कोणी गात, भांडत किंवा पत्ते पिसत असे.

बु लारास व्यवस्थापक म्हणून आल्या त्या मोठ्या इस्पितळातली परिचारिकांच्या प्रमुखाची नोकरी सोडून. आल्या आल्या त्यांनी न्हाणीघरांत रबरी चटया घातल्या, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे बसवले, स्वयंपाकघरात धुराची घंटा लावली. इथवर सगळ्यांनी कौतुक केलं. मग दिवाणखान्यात एका आजींचा पाय मुरगळला आणि गुरुवारचा ओळीचा नाच बंद झाला. तेव्हापासून कुरकुर सुरू झाली.

"आता श्वासालाही कठडा लावा," ओपा यूसाक म्हणाले होते. "जोरात घेतला आणि पडलो बिडलो तर?"

बु लारास हसल्या नव्हत्या. त्यांनी इस्पितळात मोडलेले खुबे फार पाहिले होते. त्यांना ही माणसं आवडत, म्हणूनच त्यांची भीती वाटे.

तिसऱ्या तालमीच्या दुसऱ्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष पाक हान्दोयो, म्हणजे हान्दोयोसाहेब, यांचा फोन आला. जिल्ह्याच्या आपत्ती कार्यालयाचे अधिकारी येत्या बुधवारी तालीम पाहायला येणार होते. त्यांचं समाधान झालं नाही, तर चाकांच्या खुर्चीवरच्या मंडळींना सेमारांग शहरातल्या मोठ्या आश्रमात हलवायचं, असं संस्थेच्या बैठकीत ठरलं होतं. तिथे लिफ्ट होती, रुंद उतार होते, सगळं होतं.

बु लारास यांनी हे लपवलं नाही. जेवणाच्या टेबलाशी उभं राहून जसंच्या तसं सांगितलं. सगळ्यांनी ओमा मिन्चेकडे पाहिलं, कारण खुर्चीवर त्या एकट्याच होत्या. मग सगळ्यांनी ओमा सुंदरीकडे पाहिलं.

ओमा मिन्चे आणि ओमा सुंदरी एका खोलीत राहत. मिन्चेला गाण्याचं वेड होतं, पहाटे उठल्यापासून चालू. सुंदरीला ऐकू येत नव्हतं. त्यांच्याइतकं सुखी बिऱ्हाड आश्रमात दुसरं नव्हतं. मिन्चेची खुर्ची सुंदरी ढकलायची आणि सुंदरीची सगळी भांडणं मिन्चे भांडायची.

"काय म्हणाली ती?" सुंदरीने मोठ्याने विचारलं.

मिन्चेने तिच्या तळहातावर बोट फिरवून काहीतरी लिहिलं. ही त्यांची पद्धत होती. सुंदरीने हात मिटला, खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि दोन्ही मुठी घट्ट धरल्या. जणू सेमारांगची गाडी दारातच आली होती.

त्या संध्याकाळी ओपा यूसाक बु लारास यांच्या दारावर टकटक करून आत आले. जन्मभर त्यांनी रेल्वेत गार्डाची नोकरी केली होती आणि अजूनही दार उघडण्याआधी ते दोन्ही बाजूंना पाहून घेत.

"बु, तुमची घंटा चुकीची आहे."

"नवी आहे, ओपा."

"नवी असेल. पण घंटा वाजली की माणूस घाबरतो. घाबरलेला म्हातारा आधी आपलं सामान शोधतो. मी नाही का रेडिओ शोधला? घंटेच्या मागून गाणं लावा. आणि पुढच्याच्या खांद्यावर हात. पायाला ठेका असला की माणूस मागे वळत नाही."

"म्हणजे नाच."

"मी नाच म्हटलं का? मी रांग म्हटलं."

"ठेक्यावर चालणारी, खांद्यावर हात ठेवलेली रांग."

"तुम्हाला त्यात नाच दिसत असेल तर तुमची नजर तरुण आहे, बु."

बु लारास यांनी बराच विचार केला. मग म्हणाल्या, "उद्या एकदा. दिवाणखान्यातल्या सतरंज्या काढून. आणि कोणी गिरकी घेतली तर बंद."

दुसऱ्या दिवशी जे झालं ते पाहून त्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. ओपा यूसाक यांनी जुनी शिट्टी फुंकली, मिन्चेने खुर्चीतूनच गाणं धरलं, आणि आश्रमातली सतरा माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, डावा-उजवा ठेका धरत, सुरळीत दाराबाहेर पडली. ज्यांना धड चालता येत नाही असं त्यांच्या औषधाच्या पिशव्यांवरून वाटलं असतं, तीसुद्धा. शेवटी सुंदरीने ढकललेली मिन्चेची खुर्ची. सुंदरीला गाणं ऐकू येत नव्हतं, पण पुढच्या माणसाची कंबर दिसत होती आणि तेवढा ठेका तिला पुरत होता. कोणी रेडिओ आणायला गेलं नाही. तेंपेचं नाव काढलं तरी कोणी वळलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी बु लारास यांनी शेवटच्या सूचना दिल्या. "उद्या आपत्ती कार्यालयाची गाडी दाराशी येईल. आली की चढायचं. कोणाची, कुठली, कुठे चालली, काही विचारायचं नाही. खऱ्या संकटात ड्रायव्हर उत्तरं देत बसत नाही."

"आम्ही फार प्रश्न विचारतो असं वाटतं का तुम्हाला?" ओपा यूसाक यांनी विचारलं.

"आणि सगळ्यांनी संस्थेने दिलेले नवे बाटिकचे कपडे घालायचे."

ते बाटिक हिरवे होते. असे हिरवे, की भाताच्या शेतात उभं केलं तर माणूस कापणीपर्यंत सापडू नये.

बुधवारी सकाळी सगळं लवकर आवरलं. अधिकाऱ्यांपुढे ठेवायला शेंगदाण्याच्या वड्या आणायच्या म्हणून बु लारास बाजारात गेल्या. मदतनीस रुक्मी वरच्या मजल्यावर चादरी बदलत होती. बु पाइनेम यांनी पाहुण्यांसाठी तेंपेचा मोठा घाणा कढईत सोडला, कढई जरा जास्तच तापली होती, भसकन धूर झाला आणि छतावरची घंटा वाजू लागली.

पुढचं सारं ठरल्याप्रमाणे झालं. ओपा यूसाक यांनी शिट्टी फुंकली. मिन्चेने गाणं धरलं. रुक्मीचं काम वरच्या खोल्या रिकाम्या झाल्यात की नाही ते पाहायचं होतं, तेव्हा ती पलंगाखाली, कपाटामागे आणि न्हाणीघरांत नीट बघत बसली. बु पाइनेम पातेल्याच्या झाकणाने घंटेला वारा घालत राहिल्या. आणि दाराशी एक बस उभी होती.

बसचा ड्रायव्हर पाक जार्वो खिडकीतून मान काढून गल्लीत बघत होता. त्याला सकाळी सांगितलं होतं, चर्चच्या गल्लीतून नवऱ्या मुलाकडची वडीलधारी मंडळी घ्यायची, हिरवा बाटिक घातला असेल, म्हातारी माणसं आहेत, सांभाळून आण. समोरच्या दारातून हिरव्या बाटिकमधली म्हातारी माणसं गात गात, ओळीने बाहेर येताना पाहून त्याला फार बरं वाटलं. लग्नघरची माणसं अशी आनंदात असावीत.

"सगळे आलात ना?" त्याने विचारलं.

"सतरा. मी मोजलेत," ओपा यूसाक म्हणाले.

पाक जार्वोने स्वतः उतरून मिन्चेची खुर्ची वर चढवली. बस गल्लीतून वळली, जिथे तालीम संपायची होती ते मैदान मागे पडलं, बाजार मागे पडला.

"यूसाक, मैदान गेलं की," मिन्चे म्हणाली.

"प्रश्न विचारायचे नाहीत."

"मी विचारत नाहीये. सांगतेय."

"लांब नेतायत म्हणजे संकट मोठं दाखवायचं असेल." ओपांनी खिडकीतून मेरबाबूकडे नीट पाहून घेतलं. डोंगर जागच्या जागी होता, वर एक पांढरा ढग, बाकी काही नाही. "ज्वालामुखी नाही," त्यांनी मागे कळवलं, आणि ती बातमी एका सीटवरून दुसऱ्या सीटवर जात शेवटपर्यंत पोचली.

बस उतरत उतरत बान्युबिरूला, तळ्याच्या काठच्या गावात येऊन थांबली. नारळाच्या कोवळ्या पानांची कमान, तिच्यापुढे मोठा मांडव, आत बाजाच्या पेटीचे सूर. जरीच्या केबाया, म्हणजे लांब बाह्यांच्या चोळ्या, घातलेल्या मुली धावत आल्या, एकेकाला हात देऊन उतरवलं, हातात आल्याचा गरम काढा दिला, खाऊचा डबा दिला.

"सरकार सुधारलं," एक आजोबा म्हणाले. मागच्या भूकंपात त्यांना नुसतं बिस्कीट मिळालं होतं.

मंडळी रांगेने आत गेली. रांगेच्या टोकाला मखरात नवरा-नवरी बसली होती. ओपा यूसाक यांनी दोघांशी हात मिळवला, सुखी राहा म्हणाले, आणि बाजूला येऊन उभे राहिले.

"हे लग्न आहे," मिन्चे दबल्या आवाजात म्हणाली.

"मला कमान दिसली तेव्हाच कळलं."

"मग बोलला नाहीत?"

"मला वाटलं, तालमीसाठी लग्न लावलंय."

मिन्चेने आपला डबा मांडीवर ठेवला. "आता काय करायचं?"

ओपांनी डबा उघडून पाहिला. "आता उठून गेलो तर वाईट दिसेल," ते म्हणाले. "लारासबाईंना फोन करायला हवा. कोणाकडे आहे?"

कोणाकडेच नव्हता. बाहेर पडताना सामान घ्यायचं नाही, हा नियम या वेळी सतराही जणांनी पाळला होता. ओपांनी पाक जार्वोला शोधलं, पण तो बस झाडाखाली लावून जेवायला बसला होता आणि जेवणाऱ्याला उठवणं ओपांच्या स्वभावात नव्हतं.

नवऱ्या मुलाच्या आईला वाटलं, ही सगळी आपल्या नवऱ्याकडची माणसं. वडिलांना वाटलं, बायकोकडची. दोघांनीही एकमेकांच्या माणसांची सरबराई करायला काही कमी ठेवायचं नाही असं ठरवलं, आणि ओमा मिन्चे गातात असं कळताच नवऱ्या मुलाच्या दोन तगड्या चुलतभावांनी त्यांना खुर्चीसकट मखराशेजारच्या मंचावर चढवलं. सुंदरी मंचाखाली खांबाला धरून उभी राहिली. खुर्चीपासून दूर जायला ती तयार नव्हती.

इकडे बु लारास बाजारातून परतल्या तर स्वयंपाकघरात बु पाइनेम छताला वारा घालत होत्या.

"माणसं कुठायत?"

"मागं अंगणात असतील. मी घंटेला बघतेय."

रुक्मी जिन्यावरून खाली आली. "वर कोणी नाही, बु. पलंगाखाली पाहिलं, टाकीमागे पाहिलं."

"खाली?"

"खाली माझं काम नव्हतं."

अंगणात कोणी नव्हतं. मैदानात कोणी नव्हतं. बु लारास यांच्या हातातली वड्यांची पिशवी कुठे गळून पडली ते त्यांना कळलं नाही. गल्लीच्या तोंडाशी त्यांना हिरवं काहीतरी दिसलं आणि त्या चपलांची पर्वा न करता धावल्या. हिरव्या बाटिकमधली म्हातारी माणसं ओळीने उभी होती. बु लारास जवळ गेल्या, पहिल्या आजोबांचा चेहरा पाहिला, दुसऱ्यांचा पाहिला. एकही ओळखीचा नव्हता.

त्याच वेळी आपत्ती कार्यालयाची नारिंगी गाडी येऊन थांबली. अधिकारी पाक वालुयो खाली उतरले, गोल चेहऱ्याचा, प्रसन्न माणूस. त्यांनी रिकाम्या इमारतीकडे पाहिलं, मग रांगेकडे.

"शाबास. मी यायच्या आधीच सगळे बाहेर."

"साहेब..."

"गोंधळ नाही, रडारड नाही. बरोबर सामान नाही."

"किती वेळ झाला उभे आहोत," रांगेतल्या एक आजी करड्या आवाजात म्हणाल्या. "बस कुठाय?"

"पाहिलंत, बस यायची हेसुद्धा पाठ आहे," पाक वालुयो बु लारास यांना म्हणाले, आणि आजींकडे वळले. "आजी, इथे येऊन किती दिवस झाले तुम्हाला?"

त्या आजींचं नाव कुस्तिया, घरची मंडळी त्यांना मानाने एयांग, म्हणजे आजी, म्हणत. ताठ कण्याच्या, अंबाड्यात चांदीची काडी खोचलेल्या. त्यांनी आश्रमाच्या पाटीवर नजर टाकली. "इथे? इथे मी मेले तरी राहायची नाही. माणसं आणून टाकतात अशा ठिकाणी."

पाक वालुयो बु लारास यांच्या कानाशी लागले. "जरा नाराज दिसतायत."

बु लारास यांनी नुसतं गप्प राहिलं तरी पुरे होतं. अधिकारी खूश होते. थोडा वेळ गप्प राहिल्या असत्या तर सेमारांगचं संकट टळलं असतं. त्यांच्या मनात तो विचार आला नाही असं नाही. पण त्यांची सतरा माणसं कुठेतरी होती आणि त्यांतल्या अर्ध्यांची अकराच्या गोळीची वेळ जवळ येत होती.

"साहेब, ही माझी माणसं नाहीत," त्या म्हणाल्या. "माझी हरवलीत."

पाक वालुयो यांचा चेहरा हळूहळू बदलला. तेवढ्यात रांगेतल्या एका काकांनी कंटाळून बसवाल्याला फोन लावला.

"अहो जार्वो, येताय की नाही?"

"येताय म्हणजे?" पलीकडून पाक जार्वोचा भरल्या तोंडाचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "केव्हाच सोडलं की तुम्हाला. तुमच्यातल्या एक आजी तर काय सुंदर गातायत."

बु लारास यांनी डोळे मिटले. "मिन्चे," त्या म्हणाल्या.

नारिंगी गाडीच्या मागच्या बाकांवर नवऱ्याकडची खरी मंडळी बसली, पुढे ड्रायव्हरशेजारी एयांग कुस्तिया, आणि गाडी बान्युबिरूकडे सुटली. वाटेत पाक वालुयो एवढंच म्हणाले, "बाई, खरं सांगितलंत ते बरं केलंत. पण अख्खा आश्रम हरवलेला मी पहिल्यांदाच पाहतोय."

मांडवात ओमा मिन्चे तिसरं गाणं गात होत्या. मंचावरून त्यांना सगळा मांडव दिसत होता. खुर्च्यांच्या रांगा खच्चून भरलेल्या, मधली वाट अरुंद, दार एकच. आणि मांडवाच्या मागच्या अंगाला, जिथे स्वयंपाकाचा तंबू होता, तिथे त्यांना कापडाच्या वर काळा धूर दिसला. आधी त्यांना वाटलं, चुलीचा असेल. मग धुराखाली नारिंगी जीभ दिसली. तंबूच्या झालरीने पेट घेतला होता.

त्यांनी गाणं थांबवलं नाही. चाल तीच ठेवली आणि शब्द बदलले. यूसाक, शिट्टी काढा, असं त्यांनी गायलं. मंडळी, उठा, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवा, मागे काही राहिलं तर राहू द्या. पेटीवाल्याला वाटलं, जुन्या गाण्याचं हे कडवं आपल्याला ठाऊक नाही. त्याने हौसेने ठेका वाढवला.

ओपा यूसाक यांनी एकदाच मागे वळून धूर पाहिला. मग शिट्टी फुंकली. आश्रमाची माणसं जिथे जिथे बसली होती तिथून उठली आणि शेजारच्या पाहुण्याचा हात धरून आपल्या खांद्यावर ठेवला. काय चाललंय हे न कळताच पाहुणे हसत उठले. लग्नात असले खेळ चालतातच. तालुक्याचे मोठे साहेब उठले, नवरीच्या मावश्या उठल्या, झोपलेली मुलं कडेवर घेऊन बायका उठल्या. एकाच्या मागे एक, डावा-उजवा ठेका धरत, हिरव्या बाटिकच्या म्हाताऱ्यांमागून सगळा मांडव एकाच दारातून बाहेर वाहू लागला. कोणी धावलं नाही, कारण ठेका धावायचा नव्हता. कोणी कोणाला ढकललं नाही, कारण हात पुढच्याच्या खांद्यावर होते.

नारिंगी गाडी कमानीपाशी थांबली तेव्हा बु लारास यांना हे दिसलं. रस्त्यावर, भाताच्या बांधापर्यंत लांबलेली रेशमी कपड्यांतली रांग, तिच्या पुढे गाल फुगवून शिट्टी वाजवणारे ओपा यूसाक. आणि मांडवामागे धूर. पाक वालुयो यांनी गाडीतली आग विझवायची नळकांडी काढली आणि आपल्या माणसांसह मागच्या बाजूला धावले.

बु लारास रांगेतले चेहरे पाहत उलट्या दिशेने चालल्या. एकेक हिरवा बाटिक सापडत गेला. मिन्चे सापडली नाही. तिचं गाणं आतूनच येत होतं.

मांडव जवळजवळ रिकामा झाला होता. मंचावर मिन्चे ध्वनिक्षेपक धरून गात होती, मधूनमधून खोकत होती, आणि खाली खांबाला धरून सुंदरी उभी होती. तिला ना गाणं ऐकू येत होतं ना कोणाच्या हाका. तिने फक्त मिन्चेवरची नजर काढली नव्हती. बु लारास मंचावर चढल्या. दुसऱ्या बाजूने मुंडासं फेकून नवरा मुलगा चढला. दोघांनी खुर्ची उचलून खाली ठेवली, सुंदरीने मुठी पकडल्या, आणि मग तिने ती खुर्ची अशी काही पळवली की नवऱ्या मुलाला तिला गाठता आलं नाही.

बाहेर आल्यावर बु लारास यांनी मिन्चेच्या खांद्यांना धरलं. "सगळ्यात आधी तुम्ही निघायला हवं होतं. का थांबलात?"

"गाणं थांबलं असतं तर माणसांनी मागे वळून पाहिलं असतं," मिन्चे म्हणाली. "धूर दिसला असता."

बु लारास रस्त्याच्या कडेला, सगळ्या लग्नासमोर, खाली बसल्या आणि त्यांनी मिन्चेच्या मांडीवर डोकं ठेवलं. सुंदरीने वाकून त्यांच्या पाठीवर थोपटलं आणि मोठ्याने विचारलं, "हिला काय झालं? उपाशी आहे का?"

आग लवकर विझली. आचाऱ्यांनी ओली पोती टाकली होती, उरलेलं नळकांड्यांनी भागलं. एक तंबू आणि भाताचं एक पातेलं गेलं, माणसाला साधा चटकाही बसला नाही. बाकीचं जेवण वाचलं म्हणून पानं रस्त्यावरच मांडली गेली. नवऱ्या मुलाच्या आईवडिलांमध्ये, ही माणसं नक्की कोणाकडची, यावर एव्हाना बोलणं झालं होतं आणि ती कोणाकडचीच नाहीत हे कळलं होतं.

"कोणाची का असेनात," वडील म्हणाले. "जेवल्याशिवाय एकालाही सोडू नका."

पाक वालुयो यांनी चेहऱ्यावरची काजळी पुसली, बु लारास यांच्याकडून अध्यक्षांचा नंबर घेतला आणि एका हाताने कोंबडीचा तुकडा सावरत फोन लावला.

"हो, तालीम पाहिली... नाही, मैदानात नाही, बान्युबिरूला... ते मी नंतर सांगतो. ती खुर्चीवाल्यांना हलवायची गोष्ट... हो, सेमारांग. अहो, त्या बाईंना तुम्ही हलवलंत तर तुमच्या आश्रमातून लोकांना बाहेर कोण काढणार?" ते थोडा वेळ ऐकत राहिले. "आणि गुरुवारी नाच असतो म्हणे तुमच्याकडे. बंद होता, तो परत चालू करा. आमच्या कार्यालयाची माणसं शिकायला पाठवतो."

ओपा यूसाक शेजारीच बसले होते. त्यांनी बु लारास यांच्याकडे पाहिलं नाही. पानातलं तेंपे मात्र फार सावकाश, चवीने खाल्लं.

दुपार कलताना पाक जार्वोने बस कमानीपाशी आणली. झाल्या प्रकाराने तो इतका ओशाळला होता, की सगळ्यांना परत नेऊन सोडायचं त्याने स्वतःच कबूल केलं होतं. ओपा यूसाक दाराशी उभे राहून एकेकाला मोजत वर चढवू लागले. शेवटचा माणूस चढला, त्यांनी आत डोकावून पुन्हा मोजलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बु, अठरा होतायत."

बु लारास आत गेल्या. मधल्या बाकावर, मिन्चेची खुर्ची आणि सुंदरी यांच्या शेजारी, एयांग कुस्तिया ताठ बसल्या होत्या. मांडीवर लग्नातला खाऊचा डबा होता.

"एयांग, तुमच्या मंडळींची गाडी मागची," बु लारास अदबीने म्हणाल्या. "ही आश्रमात जाते."

"माहितीय मला. पाटी वाचली होती सकाळी."

"पण सकाळी तुम्ही म्हणालात..."

"सकाळी मी उन्हात उभी होते." एयांग कुस्तियांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर त्यांचे नातलग एकमेकांशी बोलत गाडीत चढत होते. आपल्यात कोणी कमी आहे हे अजून कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. "घरी सहा खोल्या आहेत. संध्याकाळी सगळ्यांत दिवे लावते मी, आणि एका खोलीत बसते. मुलगा सुराबायाला. चांगला आहे, फोन करतो." त्यांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. "आज त्या पंगतीत तुमच्यापैकी मला कोणी ओळखत नव्हतं. तरी ह्या बहिऱ्या बाईनं जेवताना माझा हात धरून आपल्या शेजारी बसवलं. चार दिवस राहून बघते. नाही पटलं तर जाईन."

"खोली आहे," बु लारास म्हणाल्या. "पण तुमच्या मुलाला कळवायला हवं. त्यांना काय सांगू मी?"

एयांग कुस्तिया विचारात पडल्या. हा भाग त्यांनी ठरवला नव्हता.

"त्यात काय सांगायचंय," ओमा मिन्चे म्हणाल्या. "सांगा, लग्नाला गेली होती, तिथूनच सासरी गेली."

एयांग कुस्तिया हसल्या नाहीत. त्यांनी अंबाड्यातली काडी नीट केली, शाल खांद्यावर घेतली आणि पाक जार्वोला म्हणाल्या, "दार लावा. धूळ येतेय."